बुलडाण्याची माहिती बुलडाण्याला का सापडत नाही?

लोणारचे विवर किती जुने आहे, या साध्या प्रश्नाला मराठीत बहुधा एकच उत्तर मिळते : सुमारे बावन्न हजार वर्षे. पर्यटनाच्या पत्रकात, सहलीच्या अहवालात, स्पर्धा परीक्षेच्या टिपणवहीत आणि वाटाड्याच्या तोंडी हाच आकडा असतो. तो कोणी मनाने रचलेला नाही. विवरात सापडणाऱ्या काचेसारख्या कणांच्या तपासणीतून नव्वदच्या दशकात तो पुढे आला होता. मात्र २०११ मध्ये 'जिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, वितळून पुन्हा गोठलेल्या खडकातील अरगॉन वायूच्या समस्थानिकांच्या आधारे, हेच वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे दाखविले. त्यात ४७ हजार वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, असेही संशोधकांनी नमूद केले. म्हणजे जुना आकडा नव्याच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाही. या गोष्टीला दशकाहून अधिक काळ लोटला. तरीही ज्या तालुक्यातून हे खडक उचलले गेले, त्या तालुक्यातील विद्यार्थी आपल्या वहीत अजून बावन्न हजारच लिहितो.

ही एका आकड्याची चूक असती, तर तिची दुरुस्ती एका ओळीत झाली असती. मुळात प्रश्न आकड्याचा नाही, आकडा कोठून कोठे जातो याचा आहे. बुलडाणा जिल्हा मागास म्हणून ओळखला जातो. पण माहितीच्या बाबतीत तो दरिद्री नाही. जगातील प्रयोगशाळांना पुरून उरेल एवढे अभ्यासाचे साहित्य या जिल्ह्याने दिले आहे. लोणारचे खडक, तेथील क्षारयुक्त पाणी, पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, कोरडवाहू शेतीचे अर्थकारण आणि अलीकडे शेगाव तालुक्यातील केसगळती, या साऱ्यांवर संशोधन झाले आहे. नमुने येथून जातात, निष्कर्ष अन्यत्र छापले जातात आणि परतीची वाट मात्र बंद असते. ही वाट ग्रंथालय, महाविद्यालय आणि शाळा या तीन ठिकाणांहून जायला हवी. ती तेथेच का अडते, हे तपासण्याची गरज आहे.

आकडा बदलतो, पुस्तक बदलत नाही

लोणारची कहाणी ही माहिती कशी घडत जाते याचा उत्तम पाठ आहे. या सरोवराचा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आढळतो. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ अनेक भूशास्त्रज्ञ ते ज्वालामुखीचे मुख मानत राहिले. दख्खनचे पठारच मुळी लाव्हारसाचे, तेव्हा असे मानणे गैर नव्हते. पुढे येथे विंधनछिद्रे घेण्यात आली, तळातून आघाताने पिचलेले आणि काच झालेले खडक हाती आले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात, हे विवर अशनीच्या आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झाल्याचा पुरावा मांडण्यात आला. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांचे ते एकत्रित काम होते. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र झाले.

दोन शतकांच्या या प्रवासात प्रत्येक पिढीने आधीच्या उत्तरावर प्रश्न विचारला. विद्यार्थ्याच्या हाती मात्र प्रवास येत नाही, फक्त मुक्काम येतो, तोही मागचा. वर्गात 'वय किती' असे विचारले जाते. 'ते कोणी, कशावरून काढले आणि आधीचे का बदलले' हे विचारले जात नाही. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर पुरते. दुसऱ्या प्रश्नासाठी ग्रंथालयात जावे लागते, दोन पुस्तके शेजारी ठेवावी लागतात, त्यांच्या प्रकाशनाची साले पाहावी लागतात. आपल्या अध्यापनपद्धतीने दुसरा प्रश्न टाळला, आणि तेव्हापासून शाळेतील पुस्तकांचे कपाट कुलूपबंद राहिले तरी कोणाचे काही अडेनासे झाले.

गुलाबी पाणी आणि गळणारे केस

माहिती शोधण्याची खरी परीक्षा संकटात किंवा आश्चर्यात होते. बुलडाणा जिल्ह्याने ती अलीकडच्या काळात दोनदा दिली.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते, हातात मोबाइल होते आणि तर्कांना तोटा नव्हता. दैवी कोपापासून रासायनिक प्रदूषणापर्यंत सर्व काही सांगून झाले. मात्र येथे एक गोष्ट चांगली घडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या संवर्धनाचे प्रकरण होतेच. न्यायालयाने दखल घेतली, वन विभागाने नमुने गोळा केले आणि ते प्रयोगशाळांकडे गेले. जुलैमध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खुलासा केला. पाऊस कमी, उष्णता जास्त, पाण्याचे बाष्पीभवन होऊन खारटपणा वाढलेला. अशा स्थितीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्यातील रंगद्रव्याने पाण्याला गुलाबी छटा आली. तळाला हे सूक्ष्मजीव बसले की पाणी पूर्ववत होते, हेही दिसून आले. प्रश्न, नमुना, तपासणी, उत्तर आणि मराठी वृत्तपत्रांतून त्याची प्रसिद्धी, ही साखळी दोन महिन्यांच्या आत पूर्ण झाली. न्यायालयाचा रेटा नसता तर ती कोठवर गेली असती, हा प्रश्न मात्र उरतोच.

दुसरी घटना अधिक गंभीर होती. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. डोके खाजणे, मग केस हाताला येणे आणि काही दिवसांत टक्कल, असा क्रम होता. दोनशेहून अधिक माणसे, त्यांत मुले आणि तरुणीही, या विचित्र आजाराच्या तडाख्यात सापडली. पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो साहजिकच होता. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पितात. मूत्रपिंडाचे विकार या पट्ट्याला नवे नाहीत. तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि विरघळलेले क्षार जास्त आढळले. मग बुरशीच्या संसर्गाचा अंदाज आला. दरम्यान 'टक्कल व्हायरस' हे नाव पडले आणि ते कोणत्याही अहवालापेक्षा वेगाने पसरले. विषाणूचा पुरावा कोणी दिलेला नव्हता. पण नाव पडताच या गावांशी येणे-जाणे टाळले जाऊ लागले, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. चुकीच्या माहितीची किंमत अशी रोख मोजावी लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, रक्ताचे व केसांचे नमुने गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र शोध घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढले असून त्याचा संबंध शिधापत्रिकेवर मिळालेल्या, उत्तरेकडून आलेल्या गव्हाशी आहे. एप्रिलमध्ये त्याच परिसरात नखे खराब होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. एका संशोधकाचा निष्कर्ष हा शेवटचा शब्द नसतो. तो इतरांनी तपासायचा असतो. पण येथे लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. सेलेनियम शरीरात जास्त गेले की केस आणि नखे गळतात, हे विज्ञानाला नवे नव्हते. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकात अशी साथ आली होती आणि तिचे वर्णन १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागांतील काही जमिनींत सेलेनियम जास्त असते, यावर तेथील कृषी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे काम केले आहे. म्हणजे उत्तराचे तुकडे ग्रंथालयांत पडून होते. ते एकत्र आणणारा प्रश्न मात्र वेळेत विचारला गेला नाही. सगळे 'पाण्यात काय आहे' असे विचारत होते. 'केस गळविणारे काय काय असू शकते' असे विचारायला वेळ लागला.

प्रश्न तयार होण्याआधी

माहिती शोधणाऱ्या माणसाचा अभ्यास ग्रंथालयशास्त्रात गेली कित्येक दशके चालू आहे. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरोल कुल्थाऊ यांनी ऐंशीच्या दशकात शालेय विद्यार्थ्यांचे निरीक्षण करून या शोधाचे सहा टप्पे सांगितले. काम हाती येणे, विषय निवडणे, चाचपडणे, प्रश्न नेमका होणे, माहिती गोळा करणे आणि ती मांडणे, असा तो क्रम आहे. त्यांचे महत्त्वाचे निरीक्षण असे, की चाचपडण्याच्या टप्प्यावर माणसाचा गोंधळ कमी न होता वाढतो. जितके वाचावे तितके अधिक अनिश्चित वाटते. अनेकजण येथेच हात टेकतात आणि मिळेल ते पहिले उत्तर उचलतात. या वळणावर ज्याला शिक्षक किंवा ग्रंथपाल भेटतो, त्याचा प्रश्न नेमका होतो. ज्याला कोणी भेटत नाही, त्याला 'टक्कल व्हायरस' भेटतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाचवा, ही त्यांतील दोन. ही सूत्रे ग्रंथपालाच्या परीक्षेत अजून पाठ करावी लागतात. पण वाचकाचा वेळ वाचविणे याचा अर्थ पुस्तक चटकन हातात देणे एवढाच नाही. वाचक जे मागतो आणि त्याला जे हवे असते, यांत अंतर असते. ते संवादातून मिटवावे लागते. 'खारपाणपट्ट्यावर पुस्तक आहे का' असे विचारणाऱ्याला कदाचित आपल्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे का, एवढेच जाणून घ्यायचे असते.

शोधताना पडताळायचे कसे, हेही शिकवावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. पीएच. डी. झालेले इतिहासकार, विद्यापीठातील विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक, अशा ४५ जणांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगण्यात आले. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या संकेतस्थळाची रचना, नाव, बोधचिन्ह पाहत तेथेच रेंगाळले आणि अनेकदा फसले. सत्यता तपासणारे मात्र काही क्षणांत बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात, ते शोधू लागले. विद्वत्ता हा फसवणुकीविरुद्धचा विमा नाही, असा याचा अर्थ. पडताळणी ही स्वतंत्र सवय आहे आणि ती शिकविल्याखेरीज येत नाही.

ग्रंथालय की अभ्यासिका?

ही सवय शिकवायची कोणी? महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने मोठी व्यवस्था उभी केली. ग्रंथालय संचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय अधिकारी आणि अ, ब, क, ड अशा वर्गांतील हजारो शासनमान्य ग्रंथालये, हे जाळे गावपातळीपर्यंत पोचलेले आहे. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यातही शहरांतील जुनी वाचनालये आणि खेड्यांतील ड वर्गाची ग्रंथालये आहेत. मात्र मद्रास प्रांताने १९४८ मध्ये आणि केरळने १९८९ मध्ये आपल्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी स्वतंत्र उपकराची तरतूद केली, तशी महाराष्ट्राने केली नाही. त्यामुळे येथील ग्रंथालय सरकारी अनुदानावर आणि कार्यकर्त्यांच्या चिकाटीवर चालते. अलीकडच्या ६० टक्के वाढीनंतर ड वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. महिन्याला चार हजार रुपये. त्यात वृत्तपत्रे, पुस्तके, वीज, जागा आणि ग्रंथपाल म्हणविल्या जाणाऱ्या माणसाचा मेहनताना बसवायचा. असा माणूस दार उघडतो, पेपर मांडतो, नोंद करतो, हेच खूप झाले. त्याने वाचकाच्या प्रश्नाला आकार द्यावा, ही अपेक्षा चार हजारांत बसत नाही.

तालुक्याच्या गावी ग्रंथालयाचे रूप आणखी एका कारणाने बदलले. सकाळपासून तेथे तरुणांची गर्दी असते. पण ती पुस्तकांसाठी नसते. ती जागेसाठी, पंख्यासाठी आणि शांततेसाठी असते. पोलिस भरती, तलाठी, राज्यसेवा यांच्या तयारीसाठी मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि ग्रंथालयाची कपाटे पाठीशी ठेवून बसतात. या गर्दीला नावे ठेवणे सोपे आहे. शेतीत भागत नाही, कारखाने नाहीत, तेव्हा सरकारी नोकरी हीच आशा असलेल्या जिल्ह्यात अभ्यासिका ही मोठी सोय आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण वर्षानुवर्षे वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेने या मुलांना माहितीकडे पाहण्याची एक विशिष्ट नजर दिली. माहिती म्हणजे चार पर्यायांतील एक. लोणारचे वय दोन पद्धतींनी दोन निघते, ही त्यांच्या दृष्टीने माहिती नसून अडचण असते. उत्तरतालिकेत काय आहे, तेवढेच खरे.

आता ही चौकट बदलते आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. पुण्यात त्याविरुद्ध आंदोलने झाली आणि बदल लांबणीवरही पडला होता. त्यामागे तयारीची साधने शहरांत आणि परीक्षार्थी खेड्यांत, ही खरी भीती होती. वर्णनात्मक उत्तर लिहायचे तर दोन बाजू वाचाव्या लागतात, आकड्यामागचे साल पाहावे लागते, स्वतःचे मत बांधावे लागते. म्हणजे पाठीशी असलेली कपाटे आता उघडावी लागतील. ती उघडली तर आत काय मिळेल, हा पुढचा प्रश्न आहे.

महाविद्यालयाच्या दारापर्यंत

उच्च शिक्षणात चित्र वरकरणी उजळ आहे. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. बुलडाण्याहून अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर. एकेकाळी संशोधकाला संदर्भासाठी हा प्रवास करावा लागे, नाही तर पुणे-मुंबई गाठावी लागे. आता गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेतून महाविद्यालयांना सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके अल्प शुल्कात मिळतात. 'शोधगंगा'वर देशभरातील लाखो प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. २०१८ पासून राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि जवळपास तेरा हजार नियतकालिके, असा तिचा पसारा आहे. पण ही योजना आखली गेली ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. खासगी शिक्षणसंस्थांनी उभारलेली महाविद्यालये हाच जेथे उच्च शिक्षणाचा कणा आहे, अशा जिल्ह्यांचा मोठा भाग त्यामुळे बाहेर राहतो.

आणि दार उघडे असले तरी आत जाण्याचे शिक्षण लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. कागदावर ही कुल्थाऊंच्या सहा टप्प्यांचीच तालीम आहे. गावातील पाण्याची तपासणी, शिधा दुकानातील धान्याची नोंद, लोणारच्या काठावरील वनस्पती, खामगावच्या चांदीच्या व्यवसायाचा इतिहास, असे कितीतरी विषय विद्यार्थ्यांच्या अंगणात आहेत. प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे मागच्या वर्षीच्या वहीची नक्कल किंवा आंतरजालावरून उचललेली पाने, असे होऊ नये यासाठी शिक्षकाबरोबर ग्रंथपालालाही वर्गात स्थान द्यावे लागेल. आज वेळापत्रकात ग्रंथपालासाठी तासच नसतो. तो ग्रंथांचा राखणदार, शिकविणाऱ्यांत त्याची गणना नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही. तेथे पुस्तकांची पेटी शिक्षकाच्या अनेक कामांपैकी आणखी एक काम असते.

मराठीतला शोध

यात भाषेचा अडसर वेगळाच आहे. जिल्ह्यावरील विज्ञानविषयक संशोधन इंग्रजीत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण जे मराठीत आहे तेही सहज सापडत नाही, हे फारसे बोलले जात नाही. जिल्ह्याचे नावच पाहावे. कोणी 'बुलडाणा' लिहितो, कोणी 'बुलढाणा'. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये त्याचे तिसरेच रूप आहे. एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपातील मजकूर मिळेलच, याची खात्री नसते. त्यातच २००० च्या दशकात मराठीतील बराच मजकूर आंतरजालावर चढला तो निरनिराळ्या खासगी फॉन्टमध्ये. युनिकोड रुळल्यावर त्यातील पुष्कळसा भाग शोधयंत्रांना वाचताच येईना. माहिती असून नसल्यासारखी झाली.

ही पोकळी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादयंत्रे भरू पाहत आहेत. खेड्यातील विद्यार्थी मोबाइलवर मराठीत प्रश्न विचारतो आणि त्याला शुद्ध, आत्मविश्वासपूर्ण उत्तर मिळते. ग्रंथपाल नसलेल्या गावाला हे वरदान वाटले तर नवल नाही, आणि त्याचा उपयोग नाकारण्यात शहाणपण नाही. पण ही यंत्रे उपलब्ध मजकुरावर शिकतात. मराठीत लोणारचे वय बावन्न हजार असेच शंभर ठिकाणी लिहिलेले असेल, तर तोच आकडा अधिक सफाईने परत येण्याचा धोका आहे. शिवाय अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही ती कधी कधी बिनदिक्कत देतात. त्यामुळे पडताळणीची गरज यंत्राने कमी झालेली नाही, वाढली आहे.

परतीची वाट

मग करायचे काय? पहिली गोष्ट फार खर्चाची नाही. जिल्ह्यात येऊन नमुने, मुलाखती किंवा आकडे नेणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आपल्या निष्कर्षाचा दोन-चार पानी मराठी सारांश जिल्ह्यातील शासकीय ग्रंथालयात द्यावा, अशी अट विद्यापीठे आणि निधी देणाऱ्या संस्था घालू शकतात. शोधगंगेवर प्रबंध चढविणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी बंधनकारक झाले आणि ते घडलेही. मग मराठी सारांश का घडू नये?

दुसरी गोष्ट, जिल्हा ग्रंथालयात बुलडाण्याविषयीचा स्वतंत्र विभाग. जिल्ह्याची गॅझेटिअर, जनगणनेची पुस्तके, लोणारवरील शोधनिबंध, पाणी आणि मातीचे अहवाल, त्याचप्रमाणे मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे आणि 'बारोमास'कार सदानंद देशमुख यांचे साहित्य, हे सारे एका छताखाली आणि एका सूचीत असावे. 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात या भागातील शेतकऱ्याच्या घराची जी माहिती आहे, ती कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात नाही. जिल्ह्याचे ज्ञान केवळ प्रयोगशाळेत तयार होत नाही, हेही विद्यार्थ्याला कळायला हवे.

तिसरी गोष्ट शासनाच्या हातात आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम सार्वजनिक यंत्रणांना स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगते. गावच्या पाण्याची तपासणी झाली, शिधा दुकानातील धान्याचे नमुने घेतले, तर त्यांचे निकाल साध्या मराठीत त्या गावच्या वाचनालयाच्या फलकावर लागले पाहिजेत. शेगाव तालुक्यातील गावांना पहिल्या आठवड्यातच, काय तपासले, काय सापडले आणि काय अजून कळलेले नाही, एवढे तीन ओळींत सांगितले गेले असते, तर अफवेला इतकी मोकळी जागा मिळाली नसती. 'अजून कळलेले नाही' हीसुद्धा माहितीच असते, आणि ती अधिकृतपणे सांगितली गेली तर लोक ती स्वीकारतात.

शेवटची आणि अवघड गोष्ट माणसांची. योजना, संकेतस्थळे आणि वर्गण्या यांवर कोट्यवधी रुपये खर्च होत असताना, वाचकासमोर बसून त्याचा प्रश्न समजून घेणाऱ्या माणसावर मात्र महिन्याला चार हजार खर्च करायलाही हात आखडतो. सर्वच ग्रंथालयांना पूर्णवेळ प्रशिक्षित ग्रंथपाल देणे लगेच शक्य नसेल. पण प्रत्येक तालुक्यात एक तरी असा माणूस असावा, जो अभ्यासिकेतील मुलांना शोधायला आणि पडताळायला शिकवील, महाविद्यालयातील प्रकल्पांना संदर्भ देईल आणि गावाच्या प्रश्नाला योग्य प्रयोगशाळेचा पत्ता दाखवील. बुलडाण्याच्या तेरा तालुक्यांसाठी अशी तेरा माणसे लागतील. राज्याच्या अर्थसंकल्पात हा आकडा शोधूनही सापडणार नाही, इतका तो लहान आहे.

लोणारचे विवर बावन्न हजार वर्षांचे असो की पावणेसहा लाख वर्षांचे, त्याने सरोवराच्या पाण्यात फरक पडत नाही. पण बोंडगावच्या घराघरात दळल्या जाणाऱ्या गव्हात काय आहे, हे वेळेत कळण्याने माणसांच्या आयुष्यात फरक पडतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याची रीत एकच आहे. पहिल्या प्रश्नावर ती रीत ज्यांना शाळेत शिकविली गेली, तेच दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी ती वापरू शकतील.